लाँग-रीड डीएनए डेटातल्या चुका दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे एमएससी-पीएचडीचे विद्यार्थी आणि काही तरुण प्राध्यापक व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. तेच उत्तर अकराव्यांदा टाइप करताना अंगठा दुखायला लागला, म्हणून हा उद्योग. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त पुढचं "सर अर्जंट आहे" काढून टाकलंय.

१. लाँग रीड म्हणजे नेमकं काय? आणि एवढ्या महागड्या यंत्राच्या वाचनात चुका कशा राहतात?

इल्युमिनाचं यंत्र डीएनएचे शंभर ते तीनशे अक्षरांचे तुकडे वाचतं. पॅकबायो आणि ऑक्सफर्ड नॅनोपोरची यंत्रं एकाच रेणूची हजारो अक्षरं सलग वाचतात. अशा एका सलग वाचनाला रीड म्हणतात, ते लांब असलं की लाँग रीड. नॅनोपोरवर लाखाच्या पुढचे रीडही मिळतात.

चुकांचं मूळ "एकाच रेणू"मध्ये आहे. इल्युमिनात एका तुकड्याच्या असंख्य प्रती करून त्यांचा पुंजका एकदम चमकवतात, त्यामुळे एखादी प्रत चुकली तरी बाकीच्या तिला झाकून घेतात. लाँग-रीड यंत्रात झाकायला कोणी नसतं. पॅकबायोत एकच पॉलिमरेज काम करत असतं आणि प्रत्येक अक्षर जोडताना प्रकाशाचा ठिपका उमटतो. ठिपका हुकला की अक्षर गळतं, दोनदा मोजला गेला की वाढतं. नॅनोपोरमध्ये डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून सरकतो आणि वीजप्रवाह बदलतो, पण छिद्रात एका वेळी चारपाच अक्षरं अडकलेली असतात. सलग सात ए आले तर प्रवाह बदलतच नाही, मग ते सहा होते की आठ, हे यंत्राने अंदाजानेच ठरवायचं. या सलग एकसारख्या अक्षरांना होमोपॉलिमर म्हणतात. तो शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

२. चुका किती असतात? क्यू२० म्हणजे चांगलं ना?

क्यू१० म्हणजे दहात एक चूक, क्यू२० म्हणजे शंभरात एक, क्यू३० म्हणजे हजारात एक. दहा हजार अक्षरांच्या रीडमध्ये क्यू१०ला हजार चुका आणि क्यू२०लासुद्धा शंभर. चांगलं की वाईट, ते पुढे काय करणार यावर आहे.

पॅकबायोच्या जुन्या सीएलआर रीडमध्ये ११ ते १५ टक्के चुका असत. नॅनोपोरच्या आर९ छिद्रात रसायन आणि बेसकॉलरप्रमाणे (प्रवाहाच्या सिग्नलवरून अक्षरं ठरवणारं सॉफ्टवेअर) साधारण ५ ते १५ टक्के. आर१०.४.१ छिद्र आणि सर्वांत अचूक बेसकॉलिंग मॉडेल वापरलं तर एक टक्क्याच्या आसपास.

नॅनोपोरचा कच्चा सिग्नल, म्हणजे फास्ट५ किंवा पॉड५ फायली, जपून ठेवल्या असतील तर करेक्शनच्या नादी लागण्याआधी नव्या मॉडेलने पुन्हा बेसकॉलिंग करून बघा. ज्या डेटावर कोणी महिनाभर करेक्शन घासत बसलंय, तो पुन्हा बेसकॉल केल्यावर आपोआप सुधारलेला मी पाहिलाय. सिग्नलच्या फायली "जागा खातात" म्हणून उडवल्या असतील, तर त्याला इलाज नाही.

३. रॅकॉन, मेडाका, पिलॉन यांनाही तुलनेत घेऊ का?

नको. ती पॉलिशिंगची साधनं आहेत. असेंब्ली म्हणजे रीड एकमेकांना जोडून जीनोम उभा करणं, आणि जोडून तयार झालेला लांब क्रम म्हणजे कॉन्टिग. करेक्शन असेंब्लीआधी एकेका रीडवर होतं, पॉलिशिंग असेंब्लीनंतर तयार झालेल्या कॉन्टिगवर. दोन्ही एकाच तक्त्यात मांडणं म्हणजे पेरणीयंत्र आणि मळणीयंत्र यांत कोण चांगलं, असं विचारणं.

४. हायब्रिड आणि सेल्फ करेक्शन यांत काय फरक?

जुन्या पोथीचं उदाहरण घेऊ. एका पोथीच्या चाळीस नकला वेगवेगळ्या लेखनिकांनी घाईघाईत उतरवल्या. प्रत्येकाने चुका केल्या, पण वेगवेगळ्या जागी. चाळीसही नकला शेजारी ठेवल्या की मूळ शब्द बहुमताने कळतो. हे सेल्फ करेक्शन: लाँग रीड लाँग रीडवरच ताडून पाहणं. कॅनू, नेकॅट, कॉन्सेंट, लॉर्मा, व्हीचॅट, हेरो ही या घरातली.

आता समजा, नकला मोजक्याच आहेत, पण त्याच पोथीची अतिशय शुद्ध अक्षरातली चिठोरी पोतंभर सापडली. प्रत्येक चिठोऱ्यावर अर्धी ओळ. ती लांब नकलेवर जुळवत गेलं की चुका निघतात. हे हायब्रिड करेक्शन, आणि चिठोरी म्हणजे इल्युमिनाचे शॉर्ट रीड. प्रूव्हरीड, लॉर्डेक, एफएमएलआरसी, कोलॉरमॅप, रॅटाटॉस्क ही यातली.

हायब्रिडला लाँग रीडचं कव्हरेज (जीनोमची प्रत्येक जागा सरासरी किती रीडमध्ये आली ते; ४०एक्स म्हणजे चाळीस) कमी असलं तरी चालतं, कारण दुरुस्तीचा भार शॉर्ट रीडवर असतो. पण जिथे पोथीत तोच श्लोक वीस ठिकाणी थोड्या फरकाने आलाय, तिथे अर्ध्या ओळीचं चिठोरं कुठलं हे ओळखताच येत नाही. शिवाय जीसी (जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) फार जास्त किंवा फार कमी असलेल्या भागात शॉर्ट रीडच विरळ असतात. सेल्फ करेक्शनला हा त्रास कमी, पण त्याला नकला भरपूर लागतात आणि सगळ्या लेखनिकांनी एकच चूक केली असेल तर ते काहीच करू शकत नाही (प्रश्न ११).

पोथीतला आणखी एक भेद मनात ठेवा: लेखनिकाची चूक वेगळी आणि पाठभेद वेगळा. दोन परंपरांत शब्द खरोखरच वेगळा असेल, तर तो "दुरुस्त" करणं म्हणजे पोथी बिघडवणं. चांगलं सॉफ्टवेअर आणि नुसतं जोरकस सॉफ्टवेअर यांच्यातला फरक माझ्या मते इथेच दिसतो.

५. हायब्रिडमध्ये कोणतं घेऊ? लॉर्डेक की एफएमएलआरसी?

शॉर्ट रीड चांगले असतील तर मी आधी एफएमएलआरसी चालवतो.

लॉर्डेक २०१४चं. ते शॉर्ट रीडमधून के अक्षरांचे तुकडे (के-मर) काढून डी ब्रॉइन ग्राफ, म्हणजे एकमेकांत गुंतणाऱ्या तुकड्यांचं जाळं, बांधतं. लाँग रीडमध्ये जे तुकडे या ग्राफमध्ये जसेच्या तसे सापडतात, ते खुंटे. दोन खुंट्यांच्या मधला भाग ग्राफमधली जवळची वाट शोधून बदलला जातो. हिशोब करून बघा: के १९ धरला आणि चुका १५ टक्के असल्या, तर एकोणीस अक्षरं सलग बिनचूक असण्याची शक्यता ०.८५चा एकोणिसावा घात, म्हणजे साडेचार टक्के. दहा हजार अक्षरांच्या रीडमध्ये साडेचारशेच्या आसपास खुंटे, तेही गुच्छागुच्छाने. चुका एक टक्का असल्या तर हीच शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. जुन्या डेटावर घसरलेलं साधन नव्या डेटावर सरळ चालतं, याचं निम्मं कारण या आकडेमोडीत आहे.

एफएमएलआरसी २०१८चं. ते शॉर्ट रीडचा एफएम-इंडेक्स (पटकन शोधता येईल अशी दाबून ठेवलेली सूची) बनवतं आणि त्यावर दोन फेऱ्या मारतं, आधी लहान के (मुळातली सेटिंग २१) आणि मग मोठा के (मुळातली सेटिंग ५९). मोठ्या केमुळे पुनरावृत्तीच्या भागात ते लॉर्डेकपेक्षा कमी भरकटतं. इंडेक्स एकदा बांधला की पुन्हापुन्हा वापरता येतो.

प्रूव्हरीड शॉर्ट रीड थेट लाँग रीडवर जुळवतं, तेही फेऱ्याफेऱ्यांनी. काम नेटकं, पण मोठ्या जीनोमवर फार वेळ खातं. जीवाणूपुरतं ठीक. रॅटाटॉस्क २०२१चं, मोठ्या डिप्लॉइड (प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन प्रती असलेल्या) जीनोमसाठी बनवलेलं. दोन पाठ टिकवायचे असतील तर तेही चालवून बघा.

जीनोम बायॉलॉजी मासिकात २०१९ साली दहा हायब्रिड पद्धतींची तुलना आली होती, ती जरूर वाचा. पण तेव्हाचे रीड आजच्यापेक्षा कितीतरी चुकीचे होते. तिथला पहिला नंबर आर१०च्या डेटावर पहिलाच राहील, असं गृहीत धरू नका.

६. आणि सेल्फ करेक्शनमध्ये?

कॅनू (२०१७) सगळ्यांत परिचित. ते असेंबलर आहे, पण नुसती करेक्शनची पायरी वेगळी चालवता येते. जुन्या, गोंगाट असलेल्या डेटावर ते अजूनही भरवशाचं वाटतं, फक्त मोठ्या जीनोमला दिवसच्या दिवस घेतं. नेकॅट (२०२१) खास नॅनोपोरसाठी. प्रत्येक रीडचा चुकांचा दर वेगळा असतो हे ते लक्षात घेतं आणि ताडायला कुठले रीड घ्यायचे ते त्यानुसार निवडतं. कॉन्सेंटही २०२१चंच. ते ओव्हरलॅप होणाऱ्या रीडचे छोटे गट पाडून आधी बहुमत काढतं आणि उरलंसुरलं स्थानिक डी ब्रॉइन ग्राफने साफ करतं. लॉर्मा आतून लॉर्डेकचंच तंत्र वाढत्या केने वापरतं, पण त्याची कव्हरेजची भूक मोठी आहे.

व्हीचॅट (२०२२) आणि हेरो (२०२४) पुढच्या पिढीतली. बहुमत घेताना खरा पाठभेद पुसला जाऊ नये, हा दोघांचाही हेतू. व्हीचॅट व्हेरिएशन ग्राफ, म्हणजे पाठभेदांच्या फाट्यांसकट मांडलेलं जाळं, वापरतं. हेरो डीप लर्निंगवर चालतं आणि रीडमध्ये मतभेद असलेल्या जागा मॉडेलला दाखवून निवाडा घेतं. ते नॅनोपोरच्या डोराडो सॉफ्टवेअरमध्येही आलं आहे. त्याच्या दोन अटी कायम विसरल्या जातात: रीड लांब हवेत, दहा हजार अक्षरांच्या पुढचे असले तर उत्तम, आणि ग्राफिक कार्ड दमदार हवं.

७. हायफाय डेटा आहे. करेक्शन कुठलं करू?

वेगळं काही करू नका. हायफाय ही पॅकबायोचीच पद्धत. हायफायमध्ये तोच गोलाकार रेणू यंत्र पुन्हापुन्हा वाचतं आणि त्या वाचनांचं बहुमत म्हणजेच तुमचा रीड. पोथीच्या नकला यंत्रातच ताडून झाल्या. २०१९ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली तेव्हाच सरासरी अचूकता ९९.८ टक्के होती. उरलेल्या चुका असेंबलर हायफायअ‍ॅझम स्वतःच असेंब्लीच्या आधी काढतं.

८. तुलना करायची तर काय काय मोजायचं? आमच्या गाइड म्हणतात अ‍ॅक्युरसी पुरे.

मॅडमना नमस्कार सांगा आणि पुढचं दाखवा.

समजा, सॉफ्टवेअर अ वापरल्यावर रीडची सरासरी जुळणी ९९.६ टक्के आली, ब वापरल्यावर ९९.०. अ जिंकलं? आता पुढचा रकाना बघा: अ ने मूळ अक्षरांपैकी ७० टक्केच परत दिली, ब ने ९८. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) अ ने अवघड रीड दाराबाहेर ठेवले आणि सोप्यांवर शेकडा काढला. दहावीच्या परीक्षेला कच्च्या मुलांना बसूच दिलं नाही, तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागतोच की.

म्हणून पहिला रकाना: किती रीड आणि किती अक्षरं आत गेली, किती बाहेर आली. दुसरा: रीडची लांबी, करेक्शनआधीचा आणि नंतरचा एन५० (जेवढ्या किंवा त्याहून लांब रीडमध्ये निम्मी अक्षरं येतात, ती लांबी). काही सॉफ्टवेअर दुरुस्त न झालेल्या जागी रीड तोडतात, मग लाँग रीड घेण्यात अर्थ काय राहिला? तिसरा: जुळणी. मिनीमॅप२ने संदर्भ जीनोमवर (त्या जीवाचा आधीच तयार असलेला जीनोम) बसवा आणि सॅमटूल्सने चुका मोजा, पण अदलाबदल, वाढलेली अक्षरं आणि गळालेली अक्षरं वेगवेगळी मोजा. एकत्र आकड्यात होमोपॉलिमरची गळती लपून जाते. जे रीड जुळलेच नाहीत, त्यांची संख्याही शेजारी लिहा, नाहीतर तेही सरासरीतून गुपचूप गायब होतात.

चौथा रकाना वेळ आणि मेमरीचा. घड्याळाचा वेळ आणि सीपीयूचा वेळ दोन्ही, आणि मेमरीचा सर्वोच्च आकडा. लिनक्सची टाइम ही आज्ञा सविस्तर पर्यायासह दिली की तिन्ही एकदम मिळतात. थ्रेड किती दिले, हे लिहायला विसरू नका.

पाचवा रकाना बहुतेक जण टाळतात, तो म्हणजे शेवटच्या कामाचा निकाल. दुरुस्त रीडची असेंब्ली करा, कॉन्टिग किती आले ते बघा, बुस्कोने जनुकं पूर्ण आहेत का ते तपासा. रीडच्या पातळीवर तिसरं आलेलं साधन असेंब्लीत पहिलं येऊ शकतं.

संदर्भ जीनोमबाबत सावधान. तुमची वनस्पती आणि संदर्भातली वनस्पती वेगळ्या वाणाच्या असतील, तर खरा फरकसुद्धा चूक म्हणून मोजला जातो. अशा वेळी मर्क्युरीसारखं के-मर मोजणारं साधन बरं. मात्र ज्या शॉर्ट रीडने करेक्शन केलं, तेच मर्क्युरीला देऊ नका. ज्याच्या पेपरवरून कॉपी केली, त्यालाच तपासायला बसवल्यासारखं होतं ते. शॉर्ट रीडचे आधीच दोन भाग करा, एक दुरुस्तीला, एक तपासणीला.

९. कॅनूने करेक्शन केल्यावर निम्म्याहून जास्त डेटा गायब झाला. बग आहे का?

बग नाही, मुळातली सेटिंग आहे. कॅनू जीनोमच्या आकाराच्या चाळीसपट भरतील एवढेच सर्वांत लांब रीड दुरुस्त करून देतं आणि एक हजार अक्षरांपेक्षा छोटे टाकून देतं. तुमच्याकडे १००एक्स डेटा असेल तर साठ बाजूला पडणारच. कॉर-आउट-कव्हरेज हा आकडा वाढवला की बाहेर येणारे रीड वाढतात. तुलनेत हा घोळ सगळ्यात जास्त होतो: कॅनूचं उत्पादन ४०एक्सचं, दुसऱ्याचं १००एक्सचं, आणि दोघांची असेंब्ली शेजारी ठेवून निष्कर्ष.

लॉर्डेकबाबत उलटी तक्रार येते की "काही दुरुस्तच झालं नाही". त्याची फाइल उघडून बघा. दुरुस्त झालेला भाग मोठ्या रोमन अक्षरांत असतो, न झालेला लहान अक्षरांत. लहान अक्षरं कापून टाकायचं त्याचं वेगळं साधन आहे. ते वापरलं की नाही, हे लिहा, कारण त्याने प्रश्न ८मधले पहिले दोन्ही रकाने बदलतात.

१०. शॉर्ट रीड दुसऱ्या झाडाचे चालतील का? वाण तोच आहे.

नाही. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. रावेरकडून केळीची पानं आणली होती, दोन शेतांतली, दोन पिशव्यांत. लाँग रीड एका पिशवीतल्या डीएनएचे झाले आणि शॉर्ट रीड चुकून दुसऱ्या. हायब्रिड करेक्शन छान पार पडलं, आकडे देखणे आले, के-मरची तपासणीही उत्तम. उत्तम येणारच, कारण रीड दुसऱ्या झाडासारखे "दुरुस्त" झाले होते. तीन आठवड्यांनी पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बघितल्या तेव्हा उजेड पडला. एकाच नळीतला डीएनए दोन्हीकडे द्या.

सेवा विकत घेत असाल तर रीड कच्चेच आहेत ना, हेही विचारा. एका ठिकाणाहून आम्हाला आलेल्या फास्टक्यू फाइलमध्ये प्रत्येक अक्षराचा गुणांक एकच होता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. म्हणजे डेटा आधीच कुठल्यातरी साधनातून निघून फास्टा (अक्षरं असतात, गुणांक नसतात अशी फाइल) झालेला आणि वर खोटे गुणांक चिकटवलेले. अशा डेटावर तुलना करणं म्हणजे इस्त्री केलेल्या शर्टावर इस्त्रीची परीक्षा.

११. जीवाणूच्या डेटावर सेल्फ करेक्शन केलं, २००एक्स कव्हरेज होतं, तरी जनुकं तुटलेलीच दिसतात. का?

कारण सगळ्या लेखनिकांनी एकच चूक केलीय. एक जागा बघू. खरा क्रम असा:

जी सी ए ए ए ए ए ए टी सी

मध्ये सहा ए. आर९चे पाच रीड त्या जागी म्हणतात: पाच ए, पाच ए, सहा ए, पाच ए, पाच ए. बहुमत पाच. म्हणजे जो एकटा रीड बरोबर होता, त्यालाही करेक्शनने चुकीचा करून सोडला. एक अक्षर गळालं की तिथून पुढे तिनाच्या गटांची मांडणी सरकते आणि जनुक मध्येच संपल्यासारखं दिसतं. २००एक्सचं ५००एक्स केलं तरी हेच होणार, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

यादृच्छिक चूक कव्हरेजने मरते, पद्धतशीर चूक मरत नाही. जुन्या पॅकबायोच्या चुका बऱ्याच अंशी यादृच्छिक होत्या, म्हणून १५ टक्के चुका असूनही बहुमताने त्या चांगल्या धुतल्या जायच्या. नॅनोपोरच्या होमोपॉलिमरमधल्या चुका तशा नसतात. मेथिलेशनच्या जागीही असंच घडतं. ई. कोलाय के-१२मध्ये सीसीएजीजी आणि सीसीटीजीजी या जागांवर मिथाइल गट असतो. त्याने प्रवाह बदलतो आणि जुना बेसकॉलर तिथे पुन्हापुन्हा अडखळतो.

उपाय दोन: आर१० आणि नवं मॉडेल, किंवा थोडे इल्युमिना रीड घेऊन शेवटी पॉलीपॉलिशसारख्या साधनाने पॉलिशिंग.

१२. केळीचा जीनोम करतोय. करेक्शनसाठी वेगळं काही लागतं का?

लागतं, आणि आपल्याकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, जळगाव म्हटल्यावर दुसरं काय येणार.

ग्रँड नैन ट्रायप्लॉइड आहे, ३३ क्रोमोसोम, म्हणजे प्रत्येक क्रोमोसोमच्या तीन प्रती. तिन्ही प्रतींत थोडे थोडे फरक असतात. ते पाठभेद आहेत, चुका नाहीत. नुसतं बहुमत घेणारं सॉफ्टवेअर दोन प्रतींचं ऐकून तिसरीला गप्प करतं. २०१२ साली केळीचा पहिला संदर्भ जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा हा त्रास टाळण्यासाठी मुद्दाम डबल्ड हॅप्लॉइड झाड निवडलं होतं, म्हणजे दोन्ही प्रती एकसारख्या. त्याचा आकार सुमारे ५२३ मेगाबेस. शेतातल्या ग्रँड नैनला ती सोय नाही.

आता कव्हरेजचा हिशोब. ५२३ मेगाबेसवर ६०एक्स डेटा घेतला, तर प्रत्येक प्रतीच्या वाट्याला २०एक्सच येतात. कॅनू मुळातल्या सेटिंगवर चालवलं तर ४०एक्स बाहेर येतात, म्हणजे प्रतीमागे तेरा. म्हणून पॉलिप्लॉइडसाठी (दोनापेक्षा जास्त प्रती असलेल्यासाठी) कॉर-आउट-कव्हरेज २०० ठेवा, असं कॅनूच्या मार्गदर्शिकेतच सांगितलंय.

तिसरा पाठ मेला की जगला, ते तपासायला के-मरचा आलेख (कुठला के-मर किती वेळा आला, त्याचा) काढा. त्याच झाडाच्या शॉर्ट रीडचा आलेख काढला तर ट्रायप्लॉइडमध्ये एकपट, दुप्पट आणि तिप्पट अशा उंचवट्यांची अपेक्षा असते. जीनोमस्कोप २.० पॉलिप्लॉइडही समजून घेतं. मग दुरुस्त रीडचा तसाच आलेख काढा. एकपटाचा उंचवटा शॉर्ट रीडमध्ये होता आणि इथे सपाट झाला असेल, तर सॉफ्टवेअरने पाठभेद गिळले, मग अचूकता कितीही सुंदर दिसो. कच्च्या गोंगाटी रीडचा आलेख या कामी येत नाही, कारण चुकांचे के-मर सगळं झाकून टाकतात.

पैसे असतील तर केळीला हायफाय घ्या आणि प्रश्न ७कडे जा. नसतील तर हेरो किंवा व्हीचॅट आधी आणि बहुमतवाली साधनं नंतर, असा माझा क्रम आहे.

१३. केळीवरच्या हरण्या रोगाच्या विषाणूचा नॅनोपोर डेटा आहे. हेरो चालवलं तर एकही रीड बाहेर येत नाही!

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. त्याचा जीनोम आरएनएच्या तीन तुकड्यांत आहे आणि सर्वांत मोठा तुकडासुद्धा साडेतीन हजार अक्षरांच्या आत. दहा हजारांचे रीड येणार कुठून? साधनाची काही चूक नाही.

मुळात इथे करेक्शनची गरजच फारशी नसते. कव्हरेज हजारोंनी असतं. रीड संदर्भावर बसवा आणि कन्सेन्सस (बहुमताचा क्रम) काढा. एकाच झाडात विषाणूचे दोनतीन प्रकार मिसळलेत का, हे बघायचं असेल तर करेक्शनला हातही लावू नका. पाच टक्के असलेला प्रकार आणि पाच टक्के असलेली चूक बहुमताला सारखीच दिसते.

१४. आरएनएचे, म्हणजे सीडीएनएचे लाँग रीड डीएनएच्या साधनांनी दुरुस्त केले तर?

चालतं, पण किंमत मोजावी लागते. डीएनएची साधनं कव्हरेज सगळीकडे सारखं आहे असं धरून चालतात. आरएनएमध्ये एका जनुकाचे दहा हजार रीड आणि दुसऱ्याचे तीन. शिवाय एकाच जनुकाचे वेगवेगळे स्प्लाइस प्रकार (जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून बनलेले) असतात आणि कमी प्रमाणातला प्रकार मुख्य प्रकारासारखा करून टाकायची या साधनांची खोड आहे. प्रकार मोजायचे असतील तर आयसोनकरेक्टसारखं त्यासाठीच बनवलेलं साधन घ्या.

१५. करेक्शननंतर मेथिलेशन काढता येईल का?

नाही. ती माहिती कच्च्या सिग्नलमध्ये किंवा बॅम फाइलच्या टॅगमध्ये असते. करेक्शन करून फास्टा झाली की टॅग गेले. मेथिलेशन कच्च्या रीडवरून काढा, असेंब्ली दुरुस्त रीडवरून करा आणि मग कच्चे रीड त्या असेंब्लीवर बसवा.

१६. फ्लाय वापरणार आहे. आधी कॅनूने करेक्शन केलं तर दुधात साखर ना?

फ्लाय हे असेंबलर कच्च्या रीडसाठीच बनवलंय, मिनीअ‍ॅझमही तसंच. दुरुस्त रीड दिलेच तर फ्लायला तसं सांगणारा वेगळा पर्याय निवडा, नाहीतर ते चुकांचा दर भलताच गृहीत धरतं. तुलना करायची असेल तर "करेक्शन नाही" हाही एक स्पर्धक म्हणून तक्त्यात ठेवा. तो कधीकधी जिंकतो आणि मग तोंडं बघण्यासारखी होतात.

१७. सिम्युलेटेड डेटावर तुलना केली तर परीक्षक मान्य करतील?

सिम्युलेशनमध्ये प्रत्येक रीडचं खरं उत्तर माहीत असतं, हा मोठा फायदा. त्यावर मोजायला इलेक्टरसारखी साधनंही आहेत. पण बऱ्याच सिम्युलेटरमध्ये चुका खऱ्यापेक्षा जास्त यादृच्छिक असतात आणि प्रश्न ११मधला घोळ तिथे दिसतच नाही. एक सिम्युलेटेड आणि एक खरा संच घ्या. खऱ्यासाठी ई. कोलाय के-१२ सोयीचं: जीनोम ४.६ मेगाबेस, संदर्भ पक्का, आणि साध्या लॅपटॉपवर मावतं.

१८. माझ्याकडे १६ जीबीचा लॅपटॉप आहे, आणि गावात दुपारी लाइट जाते.

जीवाणूपुरतं सगळं होईल, हेरो सोडून. केळी होणार नाही, उगाच मे महिन्यात भुसावळच्या उन्हात लॅपटॉप शिजवू नका. मोठ्या कामासाठी विद्यापीठाच्या सर्व्हरवर खातं मागा. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म महासंगणक आहे, तिथे काम करणारं ओळखीचं कोणी असेल तर सहकार्यासाठी विचारून बघा.

लाइट गेली तर कॅनूला त्याच फोल्डरमध्ये तीच आज्ञा पुन्हा द्या. ते झालेल्या पायऱ्या ओळखतं आणि पुढून सुरू करतं. सगळी साधनं एवढी समजूतदार नसतात, म्हणून रीडचे गट पाडून एकेक गट चालवा. हायब्रिडमध्ये हे बिनधास्त करता येतं, कारण प्रत्येक रीड स्वतंत्रपणे शॉर्ट रीडवर ताडला जातो. सेल्फ करेक्शनमध्ये तसेच गट पाडाल तर नकलाच कमी पडतील. तिथे दुरुस्त करायचे रीड वाटा, ताडायचे सगळे एकत्र ठेवा.

१९. दादा, हाई समदं करनंच पडी का?

(अमळनेरहून आलेला प्रश्न, शब्दाला शब्द.) एक जीवाणू, आर१०चा डेटा, ५०एक्स: नाही करावं लागत. फ्लाय चालवा, मेडाकाने पॉलिश करा, बुस्को बघा, संध्याकाळपर्यंत मोकळे. केळी असेल तर मात्र, भाऊ, पडी.